ट्रेडमिल की सायकल? आधी पाय दाखवा

जूनचा दुसरा आठवडा उलटला की साताऱ्यातल्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींची पंचाईत होते. अजिंक्यताऱ्याची वाट निसरडी होते, यवतेश्वरच्या घाटात धुक्याने समोरची गाडी दिसत नाही, आणि एका हातात छत्री धरून झपझप चालणे कुणालाच जमत नाही. मग यातले बरेच जण जिमची वाट धरतात. त्या दिवसांत माझ्या दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न येतो, "डॉक्टर, जिम लावलीय. कुठल्या मशीनवर जाऊ?"

यंदा हा प्रश्न एकाच आठवड्यात तिघांनी विचारला. पहिले एक निवृत्त मुख्याध्यापक. वय ६३, मधुमेह १४ वर्षांचा. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. दुसऱ्या ५६ वर्षांच्या एक काकू, जिना उतरताना गुडघा धरून उतरणाऱ्या. तिसरे कापडाचे व्यापारी, वय ४९, रक्तदाबाची गोळी चालू आणि पोट गल्ल्याला टेकलेले. तिघांनाही जिममधल्या मुलाने एकच उत्तर दिले होते, "ट्रेडमिल करा, सगळ्यात जास्त कॅलरी तिच्यावरच जळतात."

त्या मुलाचे म्हणणे खोटे नाही. १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात याच विषयावर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. १३ जणांना सहा निरनिराळ्या यंत्रांवर व्यायाम करायला लावला आणि त्यांना श्रम सारखेच वाटत असताना कोणत्या यंत्रावर किती ऊर्जा खर्च होते ते मोजले. ट्रेडमिल पहिली आली, सायकली मागे राहिल्या. पण वाचकहो, ते तेराही जण तरुण आणि निरोगी होते. त्यांच्यात १४ वर्षांचा मधुमेह असलेले गुरुजी नव्हते, की गुडघा धरून उतरणाऱ्या काकू नव्हत्या.

"कुठल्या मशीनवर जाऊ?" असे कुणी विचारले की मी हल्ली आधी "चप्पल काढा, पाय दाखवा" म्हणतो. लोकांना ते विचित्र वाटते. ही सवय मला लागली त्याचे कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नाव-गाव सांगत नाही. पन्नाशीतले एक किराणा दुकानदार माझ्याकडे मधुमेहासाठी येत. दिवसभर बसून काम, साखर काही केल्या ताब्यात येईना. मी त्यांना दर वेळी बजावत असे, "अहो, व्यायाम करा." एके दिवशी त्यांनी खरोखरच मनावर घेतले, जिम लावली, नवे बूट आणले आणि ट्रेडमिलवर चालता चालता पळूही लागले. तीन महिन्यांत पाच किलो वजन उतरले, साखर सुधारली. मी त्यांची पाठ थोपटली आणि बाहेर बसलेल्या चार रुग्णांना त्यांचे उदाहरणही दिले.

चौथ्या महिन्यात ते तापाने फणफणून आले. घसा तपासला, छाती तपासली, काही सापडेना. तेवढ्यात त्यांच्या पत्नी दबक्या आवाजात म्हणाल्या, "यांच्या मोज्यांना फार वास येतो हो डॉक्टर." मोजा काढला. उजव्या अंगठ्याच्या खाली रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती आणि आत पू झाला होता. त्यांना विचारले, तर म्हणाले, "दुखत नाही ना काही. मला वाटलं घामाने सोललं असेल." बूट एक माप लहान होते. आधी फोड आला, तो फुटला, त्यावर रोज अर्धा तास पळणे झाले. शेवटी पुण्याला नेऊन तो अंगठा काढावा लागला.

यात ट्रेडमिलची चूक नव्हती आणि त्या गृहस्थांची तर मुळीच नव्हती. मी सांगितले तेच त्यांनी केले होते. चूक माझी होती. चार महिने मी त्यांच्या साखरेचे आकडे पाहत होतो, पाय एकदाही पाहिला नव्हता.

मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. हे इतके हळूहळू होते की माणसाला कळतही नाही. चपलेत खडा गेला तरी समजत नाही, गरम फरशीवर पाऊल पडले तरी समजत नाही. पूर्वी अशा रुग्णांना आम्ही डॉक्टर मंडळी चालण्याचा व्यायामच बंद करायला सांगत असू. आता तसे सांगत नाही. पायाला जखम नसेल, बूट नीट बसत असतील आणि रोज रात्री तळवे पाहण्याची सवय असेल, तर बेताने चालण्याने जखमांचे प्रमाण वाढत नाही असे अभ्यासांतून दिसून आले आहे. पण जखम, फोड किंवा भेग असेल तर मात्र त्या पायावर भार टाकायचा नाही. तोवर बसून करण्याचा व्यायाम करायचा. म्हणजे प्रश्न ट्रेडमिल चांगली की वाईट हा नसून आज या माणसाचा पाय ती झेलेल का, हा आहे.

गुरुजींचा तळवा मी नायलॉनच्या जाड दोऱ्याने तपासला. हा दोरा तळव्यावर टेकवून थोडा दाबला की १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. डोळे मिटलेल्या रुग्णाने "लागला" असे सांगायचे असते. गुरुजी डाव्या पायाच्या तीन ठिकाणी काहीच बोलले नाहीत. वर डाव्या अंगठ्याखाली कडक घट्टा, आणि घट्ट्याच्या कडेला भेग. त्यांना सांगितले, "गुरुजी, सध्या ट्रेडमिल नाही. पाठ टेकायची सायकल."

ट्रेडमिलचे गुण आणि खोड्या

आता थोडे या यंत्राविषयी. ट्रेडमिलचे मूळ इंग्लंडच्या तुरुंगात आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या अभियंत्याने कैद्यांना राबवण्यासाठी पायऱ्यांचे एक मोठे चाक तयार केले. कैद्यांनी त्यावर तासन्‌तास चढत राहायचे आणि चाक फिरत राहायचे. ही शिक्षा त्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. आज आपण त्याच नावाच्या यंत्रावर महिन्याची फी भरून जातो! दवाखान्यात ते आले १९५२ साली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी वेन क्विंटन यांच्या मदतीने रुग्णाला चालवत त्याच्या हृदयाचा आलेख काढण्यासाठी ते वापरले. तुमच्यापैकी अनेकांची ‘स्ट्रेस टेस्ट’ किंवा ‘टीएमटी’ झाली असेल, ती ब्रूस यांच्याच पद्धतीने. दर तीन मिनिटांनी वेग वाढतो आणि चढही वाढतो, हे तुम्हाला आठवत असेल.

तो चढच या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि आपल्याकडे त्याचाच वापर सर्वांत कमी होतो. लोक फक्त वेगाचे बटण दाबत सुटतात. ७० किलो वजनाचा माणूस ताशी ५ किलोमीटरने सपाट पट्ट्यावर अर्धा तास चालला, तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात. तोच वेग ठेवून ५ टक्के चढ दिला, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर, तर हा खर्च १९० च्या आसपास जातो. पळावे लागत नाही, आपटणे नाही, तरी काम दीडपट. पळताना प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन ते तीनपट जोराने उलट धक्का देते. चालताना हा धक्का वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. वजन जास्त आणि वय पन्नाशीपुढचे असेल, तर वेग वाढवण्याऐवजी चढ वाढवणे केव्हाही श्रेयस्कर.

यात आणखी एक फायदा आहे, तो डोंगराखाली राहणाऱ्या आपल्यासारख्यांनाच नीट कळेल. अजिंक्यताऱ्यावर जाताना धाप लागते, पण गुडघे दुखतात ते उतरताना. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखे काम करतो आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो. ट्रेडमिलवर नुसता चढ मिळतो, उतार नाही.

आता खोड्या. एक म्हणजे दांडी धरून चालणे. चढ दिला की लोक पुढची दांडी धरून मागे लटकतात. मग वजन हातांवर जाते, पाठ वाकडी होते आणि समोरच्या पडद्यावरचा कॅलरीचा आकडा निव्वळ फुगलेला असतो, कारण तुम्ही लटकला आहात हे यंत्राला कळत नाही. दांडी धरल्याशिवाय चालवत नसेल तर चढ कमी करा. तोल जातो म्हणून धरावी लागत असेल तर यंत्रच बदला.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या लाल दोरीचा चिमटा. तो कपड्याला लावला की माणूस मागे घसरला तर दोरी ओढली जाते आणि पट्टा थांबतो. साताऱ्यातल्या दोन जिममध्ये मी स्वतः पाहिले, दोन्हीकडे दोरी होती पण कुणीही लावत नव्हते. आपल्याकडे वीजही सांगून जात नाही. मध्येच पट्टा थांबला तर चालणारा पुढे जातो, म्हणून पळताना मोबाइल हातात नको. ओढणी आणि पदर खोचून घ्या. आणि उतरताना पट्टा पूर्ण थांबू द्या. चालून झाल्यावर जमीनच सरकल्यासारखी वाटते, ते क्षणभराचे असते. पण ज्यांना मुळातच चक्कर येण्याचा त्रास आहे त्यांनी हा खेळ करू नये.

सायकल, पण सीट पाहून

काकूंची गोष्ट वेगळी. त्या जिमच्या दुपारच्या महिला बॅचला जात होत्या, तीही ट्रेडमिल सोडून सायकलवर. कुणीतरी त्यांना गुडघ्याला सायकल चांगली असे सांगितले होते, ते बरोबरच. आठ दिवसांत मात्र त्यांचा गुडघा जास्तच दुखू लागला. वाटीच्या पुढच्या बाजूला, जिथे आधी दुखत नव्हते तिथे. "सायकलसुद्धा मला सोसत नाही म्हणजे बघा," म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मी विचारले, "सायकलवर बसल्यावर तुमचे पाय जमिनीला टेकतात का?" म्हणाल्या, "हो, अगदी सपाट. पडायची भीती नको म्हणून त्या मुलीने सीट खाली करून दिलीय."

तिथेच सगळे चुकले होते. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा छातीकडे दुमडतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. अर्ध्या तासात असे दीड-दोन हजार वेळा होते. सीट किती वर हवी याची सोपी खूण अशी. सीटवर बसून पायडल एकदम खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. तेवढाच हवा. या उंचीवर पाय जमिनीला सपाट टेकत नाहीत, आणि जिममधली सायकल पडणारी नसल्याने ते टेकण्याची गरजही नाही. काकूंनी सीट दोन खाचा वर घेतली, जोर लावून फिरवायचे सोडून हलक्या भारावर जलद फिरवायला सुरुवात केली. पुढच्या बाजूचे दुखणे दहा-बारा दिवसांत गेले. मूळचे दुखणे आहेच. गुडघ्याची झीज सायकलने भरून निघत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. पण मांडीचे स्नायू बळकट झाले की दुखणे कमी होते, आणि वजन उतरले तर आणखी. २००५ साली अमेरिकेतील एका अभ्यासात असे दिसले, की वजन १ किलोने कमी झाले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. काकूंना हे गणित फार आवडले. गेल्या महिन्यात दीड किलो उतरले तर "सहा किलो झाले की हो डॉक्टर," म्हणत आल्या.

सायकलमध्ये दोन प्रकार असतात. एक नेहमीसारखी, हँडलवर वाकून बसायची. दुसरी पाठ टेकून बसायची, पायडल पुढच्या बाजूला. कंबरदुखी, मोठे पोट, तोल जाणे किंवा चढता-उतरता पाय उंच टाकता न येणे असे काही असेल, तर पाठ टेकायची घ्यावी. पायाला भेग असलेल्या गुरुजींनाही तीच दिली. पायडलचा पट्टा मात्र सैल ठेवायला सांगितले, बधिर पायाला तोही काचतो.

सायकलचा एक उणेपणा सांगायला हवा. शरीराचे वजन सीटवर जाते, हाडांवर येत नाही. हाड टिकायला त्यावर भार यावा लागतो. पाळी गेलेल्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे फक्त सायकलच केली तर हृदयाला फायदा होईल, हाडांना फारसा नाही. म्हणून काकूंना मी आठवड्यातून तीन दिवस घरातल्या घरात, ओट्याला धरून उठबस आणि थोडे चालणे जोडून दिले आहे.

बाकीची यंत्रे

जिथे पाय जमीन सोडत नाहीत आणि हातही पुढे-मागे होतात, त्या यंत्राला आपल्याकडे क्रॉस ट्रेनर म्हणतात. १९९५ च्या सुमारास ते बाजारात आले. उभे राहून व्यायाम, पण आपटणे नाही, म्हणून ट्रेडमिल आणि सायकल यांच्या मधले ते आहे. गुडघे कुरकुरतात पण तोल चांगला आहे, अशांना ते मानवते. माझी दोन निरीक्षणे आहेत. उंचीने कमी असलेल्या बायकांना त्याची ढांग फार लांब पडते, मग कंबर दुखते. आणि बराच वेळ चवड्यांवर भार राहून बोटांना मुंग्या येतात, तेव्हा टाच अधूनमधून टेकवावी. त्याच्या पडद्यावरचा कॅलरीचा आकडा तर मी सोडूनच देतो. तो बहुधा उदार मनाचा असतो.

पायऱ्या चढण्याचे यंत्र दमदार आहे, पण दुखऱ्या गुडघ्यांसाठी मुळीच नाही. जिना चढण्याची महती मात्र जुनी आहे. लंडनच्या दुमजली बसमधल्या चालकांपेक्षा सतत जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, हे डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध मोजून दाखवणाऱ्या पहिल्या अभ्यासांपैकी तो एक. आमच्या एसटीच्या वाहकांना बिचाऱ्यांना जिना नाही, नुसती गर्दी आहे.

वल्हे मारण्याचे यंत्र फार थोड्या जिममध्ये असते. सगळ्या अंगाला व्यायाम देणारे आहे, पण शिकवणारा हवा. जोर पायांनी लावायचा असतो, नवशिके तो कमरेने लावतात. मणक्याची गादी सरकलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

हृदयाला यंत्र कळत नाही

आता ते कापडाचे व्यापारी. त्यांचे पाय ठणठणीत, गुडघे ठणठणीत. ट्रेडमिल त्यांना योग्यच. त्यांची अडचण निराळी निघाली. २२० मधून वय वजा केले की हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा येते, हे त्यांनी कुठेसे वाचले होते. वजाबाकी करून १७१ आले. त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ११० ते १३० च्या दरम्यान ठोके गेले तर व्यायाम मध्यम श्रमाचा. हिशेब बरोबर होता. पण यंत्राच्या मुठी धरून पाहिले तर त्यांचे ठोके १०० च्या पुढे जाईनात. म्हणून ते रोज वेग वाढवत होते, घामाघूम होत होते, एकदा डोळ्यांपुढे अंधारीही आली.

त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉल होते. ही आणि एटेनोलॉलसारखी औषधे हृदयाचे ठोके मुद्दाम रोखून धरतात, तेच त्यांचे काम. अशा रुग्णाने २२० चे गणित करणे म्हणजे हातब्रेक ओढलेल्या गाडीच्या वेगावरून इंजिनाची ताकद ठरवणे. गोळी न घेणाऱ्यांतही हे गणित फक्त अंदाजापुरते, माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

याहून भरवशाची खूण तुमच्या तोंडात आहे. व्यायाम करताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्ये बोलता यायला हवीत, पण गाणे म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर श्रम कमी पडतात. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त होतात. ही खूण ट्रेडमिलला, सायकलला, अजिंक्यताऱ्याला सारखीच लागू. हृदयाला दम किती लागला एवढेच कळते, पायाखाली पट्टा आहे की पायडल, हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचे आहे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास धरला तरी कमीत कमी प्रमाण गाठले जाते. त्यासाठी असे यंत्र हवे की ज्यावर तुम्ही पुढच्या दिवाळीतही दिसाल. पहिल्या आठवड्यात कॅलरी कशावर जास्त जळल्या हे मग गौण ठरते.

"मी बारीक आहे, मला कशाला?" असे म्हणणारेही भेटतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना ‘लॅन्सेट’मध्ये छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडचा बारीक माणूस आतून बारीक असेलच असे नाही.

काही सूचना मात्र यंत्र कोणतेही असले तरी सोडू नका. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटे अगदी सावकाश. जोरात असताना एकदम थांबलात तर रक्त पायांत साचते आणि चक्कर येते, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर हटकून. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी आधी साखर पाहावी. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मगच सुरुवात करावी, आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा निराळी धाप, दरदरून गार घाम, यांपैकी काहीही झाले तर त्या क्षणी थांबा. "गॅस असेल" म्हणत घरी जाऊ नका, सरळ जिथे हृदयाचा आलेख निघतो तिथे जा. चाळिशीपुढच्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या आणि आजवर काहीच व्यायाम न केलेल्या माणसाने जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटावे. आणि डॉक्टर पाय पाहायला विसरले तर आपण होऊन मोजे काढावेत.

व्यापारी आता ताशी ५ किलोमीटरवर थांबले आहेत, चढ तेवढा वाढवतात. शेजारच्या ट्रेडमिलवर त्यांचा एक गिऱ्हाईक असतो, त्याच्याशी भावताव करता आला की श्रम योग्य आहेत असे ते समजतात.

गुरुजी तीन आठवडे पाठ टेकायच्या सायकलवर होते. या सोमवारी आले ते खुर्चीवर बसायच्या आधीच मोजा काढू लागले. घट्टा खरडून घेतल्यावर कातडी मऊ पडली होती, भेग पूर्ण मिटली होती. तीन जागी दोरा लागत नाही तो नाहीच, ते आता तसेच राहणार.

"मग चालू का आता पट्ट्यावर?" त्यांनी विचारले.

"पंधरा मिनिटे, ताशी तीन किलोमीटर. पळायचे नाही. आणि रात्री तळवा कोण पाहणार?"

"ही पाहते रोज, आरसा घेऊन."

"बूट?"

गुरुजींनी पिशवीतून बुटांचा खोका काढून टेबलावर ठेवला. दुकानदाराला संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना माप घ्यायला लावले होते, आणि पावती जपून ठेवली होती, मी नको म्हणालो तर परत करायला.